होडीच्या ट्रोलिंग मोटरला टिकणारी बॅटरी कशी निवडावी

खाडीत किंवा धरणाच्या फुगवट्यात गळ टाकायला जाणाऱ्यांच्या बारा-चौदा फुटी फायबर होड्यांवर आता ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी विजेची मोटर, दिसू लागली आहे. इंजिन बंद करायचं आणि कांदळवनाच्या कडेकडेनं, आवाज न करता, जिताड्याच्या जागेवर सरकत जायचं, एवढंच तिचं काम. मोटर नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालते. बॅटरी मात्र दुसऱ्या पावसाळ्यानंतर बसते आणि खापर खाऱ्या हवेवर फुटतं. खारी हवा टर्मिनल खाते, प्लेटा नाही. प्लेटा मरतात त्या चुकीच्या जातीची बॅटरी घेतल्यानं, किंवा जात बरोबर पण माप अपुरं असल्यानं. चार्जिंगचा आळस हे तिसरं कारण, आणि त्याला बॅटरी बदलून उपाय नाही.

आधी मोटर किती ओढते ते मोजा

१२ व्होल्टच्या मोटरी साधारण ५५ पौंड थ्रस्टपर्यंत मिळतात. ५५ पौंड म्हणजे जवळपास २५ किलोचा रेटा. अशी मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास ओढते, ३० पौंडाची सुमारे ३० अँपिअर. ८० पौंडाची मोटर २४ व्होल्टची असते आणि तिला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडून) लागतात.

पण पूर्ण वेगाच्या आकड्यावरून खरेदी करू नका, कारण त्या वेगानं दिवसभर कोणी जात नाही. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणा. वायरमनकडचे स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतात, ते इथे निरुपयोगी. होडी पाण्यात, नेहमीची माणसं आणि सामान आत, आणि प्रत्येक वेगाला लाल वायरीभोवती क्लॅम्प लावून आकडा लिहून घ्या. ड्रममध्ये मोटर बुडवून घेतलेला आकडा खरा येत नाही.

पाण्यात वेग निम्मा केला की लागणारी शक्ती निम्मी होत नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून थोडं सावकाश गेलं की बॅटरी चकित करण्याइतकी पुरते. यात एक मेख आहे. पाच ठरावीक वेगांच्या साध्या मोटरींपैकी बऱ्याच कमी वेगाला रेझिस्टन्स वायरीतून करंट नेतात आणि वाचलेली वीज उष्णता म्हणून घालवतात. स्टेपलेस, म्हणजे पीडब्ल्यूएम नियंत्रणाची (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारी) मोटर ही वीज खरोखर वाचवते. मोटर अजून घ्यायची असेल तर तिथे जास्त पैसे घाला, बॅटरीत ते परत मिळतात.

आता एक हिशोब. ५५ पौंडाची पीडब्ल्यूएम मोटर, दोन माणसं, सकाळची अर्धी पाळी. जायला-यायला मिळून एक तास २२ अँपिअरनं, म्हणजे २२ अँपिअर-तास. जागेवर होडी धरून ठेवायला तीन तास सरासरी ८ अँपिअर, म्हणजे २४. वाऱ्यात किंवा ओढीत सापडल्यावर दहा मिनिटं पूर्ण वेग, म्हणजे ८. एकूण ५४ अँपिअर-तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

लेबलवरचे १०० म्हणजे तुमचे १०० नव्हेत

शिशाच्या बॅटरीवर '१०० एएच (अँपिअर-तास), सी२०' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की ५ अँपिअरनं वापरली तर ती २० तास चालेल आणि तेव्हा तिचा व्होल्टेज १०.५ वर आलेला असेल. करंट वाढला की हाती येणारी क्षमता घटते. जर्मनीच्या विल्हेल्म प्यूकर्टनं १८९७ मध्ये मांडलेला नियम हाच. साध्या पाण्याच्या बॅटरीला त्याचा घातांक १.२५ धरला, तर २० अँपिअरला याच बॅटरीतून सुमारे ७० अँपिअर-तास निघतात. ४० अँपिअरला ती दीड तासात संपते, म्हणजे जेमतेम ६०. आणि तेही पूर्ण रिकामी करून, जे करायचंच नाही.

सी१० लिहिलेली बॅटरी (सोलरच्या बॅटऱ्यांवर असतं) हीच परीक्षा १० तासांत देते. त्यामुळे सी१० ची १०० ही सी२० च्या १०० पेक्षा मोठी. दोन दुकानांतले भाव लावून बघताना ही अक्षरं आधी वाचा. सीसीए (थंडीत इंजिन चालू करायची ताकद) हा आकडा ठळक छापला असेल तर ती इंजिन चालू करायची बॅटरी आहे, खाली ठेवा. आरसी, म्हणजे २५ अँपिअरनं किती मिनिटं चालेल, हा आकडा मात्र ट्रोलिंगवाल्याच्या फार कामाचा.

शिशाची बॅटरी रोजच्या वापरात निम्म्याखाली उतरवू नये. वरच्या हिशोबातले ५४ दुप्पट केले की १०८ होतात, आणि जास्त करंटचा मार धरून १३० ते १४० एएच सी२० लागते. १०० मध्ये भागवणाऱ्याची बॅटरी रोज तळाला जाते आणि वर्ष-दीड वर्षात बसते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला प्यूकर्टचा मार नगण्य आणि ८० टक्के वापरायला हरकत नाही. तिथे ५४ भागिले ०.८ म्हणजे ६८. व्यवहारात १०० एएच घ्यावी, कारण लहान पॅकचं बीएमएस (सेल सांभाळणारं आतलं सर्किट) ५० अँपिअर सतत द्यायला कुरकुर करतं.

कुठली जात

कारची बॅटरी नको. तिच्या प्लेटा पातळ आणि स्पंजासारख्या असतात, दोन सेकंद शेकडो अँपिअर द्यायला केलेल्या. खोलवर उतरवली की त्यांच्यावरचा शिशाचा लगदा सुटून तळाशी बसतो. असे काही डझन फेरे, की खेळ संपला.

यूपीएसमधली सीलबंद एसएमएफ बॅटरीही बहुधा नको. ती सतत चार्जवर राहून कधीतरी दहा मिनिटं कामाला यायची. दुकानदार तिला 'डीप सायकल' म्हणून देतो, कारण तिच्यात पाणी घालावं लागत नाही. डीप सायकल (रोज खोल उतरवायला बनवलेली) एजीएम, जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, ही वेगळी वस्तू आहे. माहितीपत्रकात ५० टक्के उतरवल्यावर किती फेरे मिळतील हे छापलेलं असतं. तो तक्ता दाखवता येत नसेल तर ती यूपीएसचीच समजा. खरी डीप सायकल एजीएम होडीला चांगली: सांडत नाही, आडवी झाली तरी चालते. फक्त तिला जास्त व्होल्टेजचा चार्जर लागला की आतलं पाणी उडून जातं आणि ते परत घालता येत नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोल उतरण्याला सगळ्यात सोशिक. पॉझिटिव्ह प्लेटेच्या जागी शिशाच्या काड्या आणि त्यांभोवती विणलेल्या नळ्या असतात, त्यामुळे लगदा सुटत नाही. अडचण बाहेरच्या अंगाची आहे. १५० एएचची उंच ट्युब्युलर ॲसिडसकट ५५ ते ६० किलो भरते आणि तिचं वजन वर असतं. चौदा फुटी अरुंद होडीत ती म्हणजे न हलणारा, वल्हं न मारणारा तिसरा माणूस. लाटेत होडी कलंडली तर फ्लोटच्या बुचांतून ॲसिड बाहेर येतं. रुंद, सपाट तळाच्या होडीत, धरणाच्या शांत पाण्यात चालेल. खाडीच्या मुखाशी नाही.

आमचं मत विचाराल तर कमी पैशात सगळ्यात शहाणी खरेदी ई-रिक्षाच्या बॅटरीची. ती रोज खोल उतरायला आणि खड्ड्यांत आदळायलाच बनवलेली असते, बसकी असते, उचलायला बहुतेकदा दोरीच्या मुठी असतात. ई-रिक्षात अशा चार सिरीजमध्ये बसतात, आपल्याला एक पुरते. पाणी मात्र वरचेवर बघावं लागतं.

हमीपत्र घरी आणण्याआधी वाचा. इन्व्हर्टर किंवा रिक्षाची बॅटरी दुसऱ्या कामाला वापरली तर हमी लागू नाही, असं कलम बहुधा असतंच. '३६ अधिक २४ महिने' यातले पहिलेच ३६ फुकट बदलून मिळण्याचे. पुढच्या काळात फक्त नव्या बॅटरीवर सूट.

दुकानात काय बघायचं

वजनकाटा. शिसं खोटं बोलत नाही. १०० एएच सी२० ची पाण्याची किंवा एजीएम डीप सायकल बॅटरी साधारण २७ ते ३२ किलो भरते. वीस किलोची '१०० एएच' असेल तर आत शिसं नाही, नुसतं लेबल आहे.

मग तारीख. बॅटरीवर कोरलेला किंवा छापलेला कोड दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनी आणि मधे चार्ज न केलेली बॅटरी शेल्फवरच सल्फेट धरू लागलेली असते. टर्मिनलवर पान्ह्याचे ओरखडे असतील, तर ती कुठेतरी वापरून आलेली आहे.

व्होल्टेज बघताना एका गोष्टीनं लोक फसतात. सेलचा विश्रांतीतला व्होल्टेज म्हणजे ॲसिडच्या घनतेत ०.८४ मिळवायचे. आपल्याकडच्या ट्युब्युलरमध्ये उष्ण हवेसाठी पूर्ण चार्जला १.२४० घनतेचं ॲसिड असतं: २.०८ गुणिले ६, म्हणजे १२.४८ व्होल्ट. परदेशी तक्त्यात १२.७ वाचून आलेला माणूस ही चांगली बॅटरी नाकारतो. याच ट्युब्युलरमध्ये १.१८० घनता, म्हणजे सुमारे १२.१ व्होल्ट, हा निम्मी उतरल्याचा इशारा.

घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करा आणि एकदा खरी परीक्षा घ्या. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. १०० एएच सी२० ची परीक्षा नेमकी हीच, २० तास. बल्ब फरशीवर ठेवा, प्लॅस्टिकजवळ नको, भाजतो. क्लॅम्पनं करंट टिपा, दर तासाला व्होल्टेज लिहा आणि १०.५ ला थांबा. नवी शिशाची बॅटरी पहिल्या काही फेऱ्यांनंतर पूर्ण भरात येते, त्यामुळे १८ तास मिळाले तर तक्रार नको. बारा मिळाले तर त्याच आठवड्यात पावतीसकट दुकान गाठा. परीक्षा संपताच चार्जिंगला लावा, 'उद्या लावू' नको.

लिथियम घेणार असाल तर

लिथियम म्हणजे इथे फक्त एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट. १०० एएच पॅक १० ते १३ किलोचा, आणि छोट्या होडीत वाचलेले वीस किलो लगेच जाणवतात. जुन्या ई-स्कूटरचे सेल काढून बांधलेला पॅक स्वस्त असतो, पण त्यात एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल असू शकतात. ते बिघडले की पेटतात, आणि खाडीच्या मधोमध आगीपासून पळायला जागा नसते.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. बीएमएस सतत किती अँपिअर देतं? 'पीक' नव्हे, सतत. ५० अँपिअरच्या मोटरला ते ८० च्या खाली नको. सेल प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारखे) की सिलिंडरसारखे? ३२७०० जातीचा एक सेल साधारण ६ एएचचा असतो. म्हणजे १०० एएच पॅकमध्ये असे साठाहून जास्त सेल आणि त्याच्या दुपटीनं वेल्ड. प्रिझमॅटिकमध्ये चारच मोठे सेल, बिघडायच्या जागा कमी. खोका सीलबंद आहे का? खाऱ्या दमट हवेत सेल आधी मरत नाहीत, बीएमएसच्या केसासारख्या बॅलन्स वायरींना हिरवा गंज चढतो आणि पॅक एके सकाळी गप्प होतो. नुसतं झाकण स्क्रूनं बसवलेला पॅक समुद्राजवळ नेऊ नका. क्षमता तपासायला बल्बची युक्ती इथेही चालते: चार बल्ब समांतर, सुमारे २० अँपिअर, पाच तासांच्या आसपास बीएमएसनं पुरवठा तोडायला हवा.

एलएफपीचा व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास सपाट राहतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा पडतो. मोटरवरचे हिरवे-लाल दिवे शिशाच्या बॅटरीसाठी जुळवलेले असतात. ते हिरवे असतानाच बॅटरी अचानक बंद पडू शकते. म्हणून शंट (करंट मोजायची छोटी रोधक पट्टी) लावलेला अँपिअर-तास मोजणारा मीटर घ्या, आणि तो पॅकच्या पैशातच धरा. आणखी एक: काही मोटर कंपन्या लिथियमवर सतत ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेगानं मोटर चालवू नका म्हणतात. व्होल्टेज खाली न आल्यानं मोटर तापते.

जोडणी

चांगली बॅटरी वायरीनं मारल्याची उदाहरणं भरपूर आहेत. बॅटरी मागे आणि मोटर नाळेवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. ५० अँपिअरला ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत दीड व्होल्ट गळतो, १० मध्ये ०.९, १६ मध्ये ०.५८, २५ मध्ये ०.३६. बारापैकी दीड गेला की मोटर मंदावते, माणूस वेग वाढवतो, बॅटरी आणखी उतरते. १६ हे किमान धरा. टिन चढवलेलं तांबं मिळालं तर उत्तम. ॲल्युमिनियम अजिबात नको.

लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून बसवा आणि त्यावर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. मोटरसोबत आलेले मगरी-चिमटे काढून टाका. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर हवा. घरातला एमसीबी लावू नका. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा आपोआप शून्यावर येते, डीसीची येत नाही, आणि घरगुती एमसीबीत ती पेटतच राहते.

फिश-फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) या बॅटरीवर नको. मोटरच्या पीडब्ल्यूएमनं पडद्यावर रेघा येतात. त्याला वेगळी ७ एएचची छोटी बॅटरी पुरते. आउटबोर्डला (होडीमागच्या इंजिनाला) सेल्फ स्टार्ट असेल तर त्याचीही बॅटरी वेगळीच.

बॅटरी तळाला, मध्याजवळ, झाकणाच्या पण हवा खेळणाऱ्या खोक्यात, पट्ट्यानं आवळून बांधा. पेट्रोलच्या टाकीशेजारच्या बंद कप्प्यात नको. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीनं भडकतो. समुद्राचं पाणी शिशाच्या उघड्या सेलमध्ये गेलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो. बुचं घट्ट आहेत का, हे निघण्याआधी बोटानं फिरवून बघा.

घरी आल्यावर

आयुष्य इथे ठरतं. त्याच रात्री चार्जिंगला लावा. उतरलेल्या प्लेटांवर मऊ सल्फेट असतं, ते चार्ज केलं की विरघळतं. आठवडाभर तसंच राहिलं की त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढी जागा कायमची गेली. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, १०० एएचला १० अँपिअर. पाण्याच्या बॅटरीला १४.४ ते १४.८ व्होल्ट, एजीएमला १४.४ च्या वर नाही, एलएफपीला तिचाच चार्जर, १४.४ ते १४.६. रात्रभर खदखदवणारे जुने साधे चार्जर सोडून द्या. उन्हात तापलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्या. सतत दहा अंश जास्त तापमानात शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, आधी घातलं तर फुगून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेव्हाच चार्जिंगआधी, त्या बुडतील एवढंच घाला. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, एसीच्या नळीचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही. सेलमधून ॲसिड उडून जात नाही, पाणीच जातं. महिन्यातून एकदा हायड्रोमीटरनं सहाही सेलची घनता घ्या. रबरी फुगा दाबून नळी आत, हळूच सोडायचा, तरंगता काटा भिंतीला न चिकटता स्थिर होऊ द्यायचा आणि डोळ्याच्या रेषेत वाचायचं. पाच सेल १.२४० आणि एक १.१९० असेल तर तो एक सेल जायच्या वाटेवर आहे. पूर्ण चार्जनंतरही ०.०३० पेक्षा जास्त फरक राहिला, तर त्या बॅटरीवर खाडीच्या मुखापर्यंत जाऊ नका. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा आला तर खायचा सोडा पाण्यात कालवून धुवा, पुसा, व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

१ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या जातात, आणि बॅटऱ्या मरतात त्या बहुतेक याच दोन महिन्यांत. होडीतून काढा, धुऊन कोरडी करा, शिशाची पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करा. एलएफपी उलट: निम्मी-साठ टक्के भरून, सगळ्या वायरी काढून, कोरड्या खोलीत. पूर्ण भरून ठेवलेली एलएफपी लगेच बिघडत नाही, पण झिजते. ऑगस्टमध्ये पाण्यात जाण्याआधी बल्बची परीक्षा पुन्हा घ्या आणि तास झाकणावर मार्करनं वर्षासकट लिहा. पहिल्या वर्षीच्या निम्म्यावर आली की ती होडीतून काढून जुनी म्हणून दुकानात द्या, भंगारातल्या शिशाचे पैसे नव्या बॅटरीत वळते होतात.